जुने विनोदी बोलपट : शोध आणि जतन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त व्हाइटफील्ड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे तर विषय भारदस्त असावा, असा एक संकेत आहे. ज्ञानेश्वरीपासून महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीपर्यंत कितीतरी विषय आमच्यासमोर होते. ते सर्व बाजूस सारून जुन्या विनोदी मराठी चित्रपटांवर बोलण्याचे आम्ही ठरविले. संयोजकांनी किंचित भुवया उंचावल्या. पण मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेत वर्षानुवर्षे 'करमणूक' हा शब्द सर्वांत शेवटी आणि सर्वांत लहान अक्षरांत छापला जातो, त्याची थोडीशी भरपाई व्हावी, असे आम्हांस वाटले.

दुसरेही एक कारण आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. व्हाइटफील्डमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलानातवंडांना मराठी येते किंवा नाही, याची परीक्षा आपण श्लोक म्हणवून किंवा पत्र लिहवून घेतो. खरी परीक्षा विनोदाची आहे. करुण प्रसंग भाषा न कळताही डोळ्यांत पाणी आणतो. विनोदाला मात्र शब्दाची नेमकी धार कळावी लागते, तो कोणत्या आळीतला, कोणत्या तोंडचा, हे कळावे लागते. शेजारी बसून अर्थ समजावून सांगू लागलो की विनोद तिथेच प्राण सोडतो. तेव्हा हे चित्रपट नाहीसे झाले तर केवळ करमणूक जाईल असे नाही. आपल्या आजोबांची पिढी कशाला हसत होती, हे जाणण्याची वाटच बंद होईल.

आणि ते नाहीसे होत आले आहेत. संतपट देवघरात पोहोचले, ऐतिहासिक चित्रपटांना शाळाशाळांतून मान मिळाला. विनोदी बोलपट मात्र पोट धरून हसावयाचा आणि चित्रपटगृहाबाहेर पडताच विसरावयाचा, अशी आपली रीत. जे विसरावयाचे ते जपून कोण ठेवणार?

मराठी चित्रपटातील विनोद तसा जुना. दादासाहेब फाळके यांनीच 'पिठाचे पंजे' नावाचा एक छोटा विनोदी मूकपट काढून १९१४ साली 'मोहिनी भस्मासुर'च्या जोडीने दाखविला होता. परंतु विनोदाला खरी वाचा फुटली ती बोलपटाच्या काळात आणि कोल्हापुरात. हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' १९३८ सालचा. कथा आचार्य अत्रे यांची, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायक यांची. ब्रह्मचर्याची शपथ घेऊन भिंतीवरच्या नट्यांच्या तसबिरी उतरविणारा औदुंबर आणि त्याच्या व्रताचा धुव्वा उडविणारी मीनाक्षीबाईंची नायिका यांनी त्या काळी सभ्य महाराष्ट्रात केवढी खळबळ माजविली, हे येथील वडीलधाऱ्यांनी आपापल्या वडिलांकडून ऐकले असेल. पुढच्याच वर्षी 'ब्रँडीची बाटली' आला. एका भाबड्या कारकुनाची ब्रँडीसाठी चाललेली वणवण आणि तो कारकून झालेले दामुअण्णा मालवणकर, एवढ्या भांडवलावर तो चित्रपट उभा होता. दामुअण्णांचा चेहरा हेच एक स्वतंत्र पात्र होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मग आले चिमणराव. नवयुग चित्रपट कंपनीसाठी विनायकांनी १९४० साली 'लग्न पहावे करून' आणि १९४२ साली 'सरकारी पाहुणे' हे दोन चित्रपट चिं. वि. जोशी यांच्या लेखनावरून काढले. 'लग्न पहावे करून'मध्ये दामुअण्णा चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चिमणरावांचे जनक स्वतः महाराष्ट्राबाहेरचे, बडोद्याचे रहिवासी, म्हणजे आपल्यासारखेच घरापासून दूर राहिलेले. ते पाली भाषेचे व्यासंगी होते आणि बडोदे संस्थानच्या दफ्तराची जबाबदारी त्यांच्याकडे होती. जुने कागद वाळवीपासून, ओलीपासून आणि मुख्यतः माणसाच्या बेफिकिरीपासून वाचविणे हेच ज्यांचे काम, त्यांच्या मानसपुत्राच्या वाट्याला पुढे काय आले ते पाहा.

सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी त्या वेळी पाहिला, त्यांना तो आजही डोळ्यांसमोर दिसतो. आणि बहुतांशी तो तेवढाच दिसावयाचा, कारण त्या मालिकेचे फारच थोडे भाग आज शिल्लक आहेत. त्या काळी चुंबकीय फीत महाग होती. एकदा कार्यक्रम दाखविला की तीच फीत पुसून पुढच्या कार्यक्रमासाठी वापरणे हा जगभरचाच प्रघात होता. इंग्लंडच्या बीबीसीनेही तेच केले, आणि 'डॅड्स आर्मी' या त्यांच्या गाजलेल्या विनोदी मालिकेचे तीन भाग अद्याप सापडलेले नाहीत. दफ्तरदाराचा चिमणराव दफ्तरातच लागला नाही, यावर चिं. वि. जोशींनीच एखादा लेख लिहावयास हवा होता.

चित्रपटांचे दैव याहून फारसे बरे नव्हते. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या फितीवर छापले जात, ती नायट्रेटची फीत बंदुकीच्या कापसाची सख्खी बहीण. एकदा पेटली की विझत नाही, पाण्यात बुडविली तरी जळत राहते, कारण जळण्यासाठी लागणारा प्राणवायू ती स्वतःच पुरविते. न पेटली तरी हळूहळू चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते. नंतरची फीत सुरक्षित म्हणून आली. पण उकाड्यात आणि दमट हवेत तिला आंबूस वास सुटतो, ती आकसते, वाकते. आणि या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे फितीतली चांदी. कृष्णधवल फितीवरील चित्र चांदीच्या कणांचे असते. चित्रपट उतरला, वितरकाचे देणे थकले, की रिळे वजनावर भंगारात जावयाची आणि चांदी काढून घेतली जावयाची. ज्या चित्रपटाने लोकांना पोटभर हसविले, त्याचा शेवट असा एखाद्या भट्टीत झाला.

या पार्श्वभूमीवर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे महत्त्व ध्यानी घ्यावे. फेब्रुवारी १९६४ मध्ये ते स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी पी. के. नायर तेथे रुजू झाले. हा मल्याळी गृहस्थ १९९१ साली निवृत्त होईपर्यंत गावोगाव, गोदामागोदामांतून, वारसांच्या घरांतून रिळे गोळा करीत राहिला. फाळके यांच्या चित्रपटांचे जे काही आज आपण पाहू शकतो, त्याचे श्रेय बव्हंशी त्यांचे. चित्रपट चांगला की वाईट हे ठरविणारे आपण कोण, मिळेल ते जपावे, ही त्यांची भूमिका होती. म्हणून विनोदी, मारधाडीचे, पडेल, सर्व तऱ्हेचे चित्रपट तेथे टिकले. निवड करीत बसले असते तर विनोदाची वर्णी शेवटीच लागली असती, याविषयी आम्हांस शंका नाही. इतके करूनही जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची रिळे भस्मसात झाली. ते संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले असून जुन्या चित्रपटांचे अंकीकरण आता सरकारी योजनेखाली चालू आहे. तरी एक उणीव राहिलीच. फ्रान्समध्ये प्रत्येक चित्रपटाची प्रत राष्ट्रीय संग्रहात देणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे तसे बंधन नाही.

आता आपण इंटरनेटकडे वळू, कारण व्हाइटफील्डला बसून पुण्याच्या कोठारात डोकावण्याचा आपल्याला दुसरा मार्ग नाही. येथील बहुतेक घरांतले एक तरी माणूस संगणकाच्या व्यवसायात आहे. साहजिकच 'आता सगळे यूट्यूबवर मिळते' हे वाक्य आम्ही या परिसरात जितक्या वेळा ऐकले, तितके अन्यत्र ऐकले नसेल. म्हणून गणेशोत्सवात जुना विनोदी चित्रपट दाखवावयाचे ठरले, तेव्हा आम्ही चार-पाच जणांनी शोधाचे काम अंगावर घेतले. तो अनुभव सांगण्याजोगा आहे.

'ब्रह्मचारी' शोधावयास बसलो तर पडद्यावर शम्मी कपूर अवतरले. १९६८ सालच्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटाने विनायकांना शोधयादीच्या तळाशी ढकलले होते. 'गुळाचा गणपती' शोधला तर भाद्रपदाचे दिवस असल्याने गुळाच्या मूर्ती कशा कराव्यात आणि मोदकाचे सारण कसे बिघडू द्यावयाचे नाही, याचे मार्गदर्शन मिळाले. पु. ल. देशपांडे यांनी लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका सर्वच सांभाळलेला १९५३ सालचा तो चित्रपट मोदकांच्या ढिगाखाली सापडला. रोमन अक्षरांत मराठी नाव लिहिण्याच्या तऱ्हा किती! 'लाखाची गोष्ट'मधला 'खा' कोणी एका 'ए'ने लिहितो, कोणी दोन; 'पेडगांवचे शहाणे' यांचे तर आम्ही सात अवतार मोजले. देवनागरीत नाव लिहावे, सोबत साल आणि दिग्दर्शकाचे नाव द्यावे, आणि तेही न साधल्यास त्यातल्या एखाद्या गाण्याच्या गायकावरून शोधावे, हे शहाणपण आम्ही हळूहळू शिकलो. 'गुळाचा गणपती'पर्यंत आम्हांला शेवटी पोहोचविले ते पंडित भीमसेन जोशी यांनी गाइलेल्या त्यातील अभंगाने. गाणे ध्वनिमुद्रिकेवर सुखरूप राहिले होते. चित्रपटाला गाण्याचे बोट धरून यावे लागले.

सापडले म्हणजे झाले, असे मात्र नाही. सापडलेली प्रत पुरी आहे काय, हे पाहावे लागते. त्याची एक सोपी युक्ती सांगतो. चित्रपटाच्या आरंभी जे परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र दिसते, ज्याच्याकडे आपण कधी ढुंकूनही पाहत नाही, त्यावर चित्रपटाची लांबी लिहिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला नव्वद फूट धावते. प्रमाणपत्रावर १२,६०० फूट असतील तर चित्रपट १४० मिनिटांचा असला पाहिजे. इंटरनेटवरील प्रत ११० मिनिटांत आटोपली, तर अर्धा तास कोणीतरी गिळला आहे. आम्ही असे मोजू लागलो तेव्हा काही प्रती चांगल्याच अशक्त निघाल्या. कोठे गाणी गाळलेली, कोठे एखादे रीळच नाही. विनोदी चित्रपटात हे विशेष बाधते. तिसऱ्या रिळात जो गैरसमज पेरला, तो अकराव्या रिळात पिकावयाचा असतो. तिसरे रीळ गेले की अकराव्यात माणसे का हसत होती तेच कळत नाही, आणि मुले म्हणतात, 'आजोबा, यात गंमत कोठे आहे?'

दुसरी गोष्ट आपल्यातील अभियंत्यांनी हिशेब करून पाहावी. दोन तासांच्या चित्रपटात, सेकंदाला चोवीस या दराने, एक लाख बहात्तर हजार आठशे चित्रे असतात. मूळ फितीवरून प्रत्येक चित्र उत्तम दर्जाने टिपावयाचे, ज्याला फोर-के म्हणतात त्या मापाने, तर एकेका चित्राला सुमारे पन्नास मेगाबाइट लागतात. संपूर्ण चित्रपटाचे आठ-नऊ टेराबाइट झाले. आपण भ्रमणध्वनीवर जी प्रत पाहतो ती जेमतेम एक गिगाबाइटची. म्हणजे आठ-नऊ हजारांत एक भाग. तीही बहुधा जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरविलेली, कोपऱ्यात कोणा कंपनीचे बोधचिन्ह ठोकलेली. दामुअण्णांच्या भुवईची हालचाल त्या एका भागात येत नाही. आणि ही प्रत उद्या तेथे असेलच याची हमी कोण देणार? ज्याने चढविली तो ती उतरवू शकतो, हक्काचा वाद निघाला की एका रात्रीत नाहीशी होते. आम्ही खुणा करून ठेवलेल्या काही जागा उत्सवाच्या दिवसापर्यंत रिकाम्या झाल्या होत्या. इंटरनेटवर चित्रपट दिसणे हे दुकानाच्या काचेत वस्तू दिसण्यासारखे आहे. ती आपल्या घरात आली असे नव्हे, आणि दुकानदाराच्या कोठीत माल आहे असेही नव्हे.

याला अपवाद म्हणावे असे काही प्रयत्न आहेत. सॅन फ्रान्सिस्को येथील इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून काम करते. चॅप्लिन, कीटन आदींचे कितीतरी मूक विनोदपट तेथे विनामूल्य पाहता येतात. आपल्या दृष्टीने अधिक जवळचे नाव म्हणजे २०१३ साली सुरू झालेले इंडियनसिनेमा हे संकेतस्थळ. भारतीय चित्रपटांची सालवार, भाषावार नोंद तेथे असून ज्यांचा हक्क संपला आहे असे अनेक चित्रपटही पाहता येतात. त्याच्या उभारणीत मुंबईकरांबरोबर बंगळूरच्या ऑल्टरनेटिव्ह लॉ फोरमचाही वाटा आहे. म्हणजे कोल्हापूरच्या बोलपटांचा माग काढण्याचे काम काही अंशी आपल्याच शहरात झाले. हे ऋण उलट दिशेनेही आहे. कन्नडचा पहिला प्रदर्शित बोलपट 'सती सुलोचना' १९३४ साली बंगळूरला झळकला, तो तयार झाला होता कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या कन्नड शेजाऱ्यांशी बोलावयास हा एक चांगला विषय आहे. दोघांचेही काहीतरी एकाच गावात हरवले आहे.

हक्काचा प्रश्न थोडक्यात सांगतो. आपल्या १९५७ च्या कायद्यान्वये, पुढील दुरुस्ती धरून, चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे राहतो. त्या हिशेबाने राजा परांजपे यांचा १९५२ चा 'लाखाची गोष्ट' २०१३ च्या आरंभी मुक्त झाला. दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' १९७१ चा, तो २०३२ साली होईल. आणि आपल्या तरुण मंडळींना तोंडपाठ असलेला 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, त्याला २०४९ उजाडेल. मूळ कथेचे आणि गीतांचे हक्क वेगळे असतात. तेव्हा तिकीट लावून खेळ करण्यापूर्वी वकिलांना विचारावे. आमचे म्हणणे एवढेच की हक्क मुक्त होईल त्या दिवशी चित्रपट शिल्लक असावयास हवा. भट्टीत गेलेल्या रिळाला कायदा मुक्त करून काय करणार?

'लाखाची गोष्ट'चे नाव निघालेच आहे, तर एक ऐकीव हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. तिचे नायक राजा गोसावी तेव्हा पुण्याच्या भानुविलास चित्रपटगृहात तिकिटे विकत, आणि स्वतःच्याच चित्रपटाची तिकिटे त्यांनी खिडकीत बसून विकली, असे सांगतात. उत्सवात आम्ही शेवटी हाच चित्रपट दाखविला. लाख रुपये खर्च कसे करावेत या विवंचनेत पडलेल्या त्या तरुणांना पाहून मागच्या रांगेतील एका चिरंजीवांनी विचारले, 'लाखच ना? एवढे काय त्यात?' सभागृहात जो हशा पिकला तो चित्रपटातल्या कोणत्याही विनोदाहून मोठा होता. पण पुढे तासाभराने तेच चिरंजीव परांजप्यांच्या एका बोलण्यावर आपण होऊन हसले, कोणी समजावून न सांगता. आमची महिनाभराची शोधाशोध तेवढ्यात वसूल झाली.

आता शेवटचा भाग, जो थेट आपल्या घरांशी संबंधित आहे. लॉरेल आणि हार्डी यांच्या १९२७ सालच्या 'द बॅटल ऑफ द सेंचुरी' या मूकपटात एकमेकांच्या तोंडावर पाय फेकण्याची प्रचंड लढाई आहे. (खाण्याचे पाय, अवयव नव्हेत.) त्या लढाईचे दुसरे रीळ हरवले होते, काही तुकडेच काय ते उरले होते. २०१५ साली जवळजवळ संपूर्ण रीळ सापडले, ते सरकारी कोठारात नव्हे, एका खासगी संग्रहात. ज्यांनी ते बाळगले त्यांना आपल्याकडे काय आहे याची पुरती कल्पना असेलच असे नाही.

आपल्या घरी चित्रपटांची रिळे नसतील, कॅसेटी आहेत. १९८० नंतर मुंबई दूरदर्शनवरून टिपून घेतलेली नाटके, प्रहसने, विनोदी चित्रपट, येथे येताना ट्रंकेतून आणलेले, आणि आता भांड्यांच्या वर किंवा पलंगाच्या पोटात पडून असलेले. ती फीत काही दशकांचीच सोबती असते, आणि ती चालविणारी यंत्रे बनविणारी शेवटची जपानी कंपनीसुद्धा २०१६ साली थांबली. म्हणून आम्ही मंडळाच्या कार्यालयात एक नोंदवही ठेविली आहे. कोणाकडे काय आहे, कधी आणि कोठून टिपले, एवढेच तिच्यात लिहावयाचे. एक जुने यंत्र दुरुस्त करून मिळाले आहे. दर शनिवारी दुपारी दोन कॅसेटी उतरवून घेता येतील. एक प्रत आपल्याला, एक मंडळाकडे, आणि जे कोठेही नोंदलेले आढळणार नाही त्याविषयी पुण्याच्या संग्रहालयाला पत्र जाईल. लग्नमुंजीच्या कॅसेटीही आणाव्यात. पाटावरच्या मुंजाच्या मागे चालू राहिलेल्या दूरदर्शन संचावर एखादा चिमणराव सापडावयाचा!

आणावयापूर्वी कॅसेट 'चालते का पाहू' म्हणून घरच्या यंत्रात घालू नये. बुरशी असल्यास फीत तेथेच तुटते. आडवी न ठेवता पुस्तकासारखी उभी ठेवावी, ध्वनिवर्धकाच्या लोहचुंबकापासून दूर. आणि पाठीवर वडिलांच्या किंवा आईच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी असेल, ती अर्धवट पुसलेली असली तरी काढू नये. तारीख बहुधा तिच्यावरच असते.